गुडघा बदलायचाय: मिळाली ती तारीख घ्यावी, की आठ आठवडे तयारी करून जावं?

सर्जन म्हणतात, "पुढच्या मंगळवारी करून टाकू." फिजिशियन म्हणतात, "साखर जरा खाली येऊ दे." मग घरात दोन तट पडतात. मुलाने रजा टाकलेली असते, आणि जिचा गुडघा आहे तिला कुणी विचारत नाही.

समजा, पेशंट ६६ वर्षांची आई आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ९.२. हिमोग्लोबिन ९.८. वजन ८४ किलो. सकाळ-संध्याकाळ मशेरी. अशा फाईलवर बहुतेक वेळा 'फिट, मॉडरेट रिस्क' असा शेरा पडतो आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण हा शेरा मुख्यतः भूल आणि ऑपरेशन हृदय-फुप्फुसांना झेपेल का, याबद्दल असतो. जखम कशी भरेल, आई वॉकर कधी सोडेल, हे त्यावरून कळत नाही.

साखरेपासून सुरुवात करू, कारण थांबायचं सगळ्यात मोठं कारण तेच. लगेच ऑपरेशन केलं तर दवाखान्यात इन्सुलिन देऊन त्या दिवसांची साखर आवरता येते, आणि ती आवरलीच पाहिजे. पण महिनोन्‌महिने चढलेल्या साखरेने पांढऱ्या पेशी मंदावलेल्या असतात, बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात. ते चार दिवसांत भरून येत नाही. त्यातून कृत्रिम सांध्यात जंतू शिरले, तर ते धातू-प्लास्टिकवर थर करून बसतात आणि अँटिबायोटिक तिथे नीट पोचत नाही. कित्येकदा बसवलेला सांधा काढून पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. म्हणून बरेच सर्जन ७.५ ते ८ च्या वर गेलेला आकडा बघून थांबतात. ब्रिटनमध्ये ही रेषा साधारण ८.५ ला आहे. ९.२ कुठल्याच हिशोबात बसत नाही.

इथे एक मेख आहे. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल, तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणजे या आईचा ९.२ थोडा फुगलेला असू शकतो. घरच्या ग्लुकोमीटरवरची रोजची नोंद सोबत न्यावी. ती बघून फिजिशियनला जास्त कळतं.

रक्ताचं गणित सरळ आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन दोन-तीन ग्रॅमनी उतरणं नवलाचं नाही. ९.८ वरून गेलात तर सात-आठवर याल: रक्त चढवण्याची पाळी, उठलं की चक्कर, आणि फिजिओ आला की "आज नको". आठ आठवडे हातात असतील तर आधी कारण शोधता येतं, कारण या वयात पोटात कुठेतरी रक्त झिरपत असण्याची शक्यता असते. लोहाच्या गोळ्यांना तेवढा वेळ लागतोच. त्या सोसत नसतील तर सलाईनमधून लोह देतात. मात्र ऐनवेळी लोहाची बाटली लावली की काम झालं, असं नाही. ब्रिटनमध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांवर झालेल्या २०२० च्या चाचणीत तसं लोह देऊनही रक्त चढवण्याचं प्रमाण घटलं नाही.

मशेरीचं काय? डेन्मार्कमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुबा किंवा गुडघा बदलणाऱ्या १२० धूम्रपानी रुग्णांचे दोन गट केले होते. ज्यांना ६ ते ८ आठवडे आधीपासून सोडायला मदत केली, त्यांच्यात गुंतागुंत १८ टक्क्यांत झाली. दुसऱ्या गटात ५२ टक्क्यांत. ते सिगारेटवाले होते, मशेरीला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, ते कुठल्याही वाटेने गेलं तरी. "मशेरी म्हणजे काही तंबाखू नाही" हे घरातलं वाक्य डॉक्टरांसमोर तरी बाजूला ठेवा. विचारल्याशिवाय बायका सांगत नाहीत आणि डॉक्टर फक्त "सिगारेट ओढता का?" एवढंच विचारतात.

आता वजन. "दहा किलो कमी करून या" हा सल्ला मला पटत नाही. दुखऱ्या गुडघ्याने चालणं होत नाही, वजन उतरत नाही, वर्ष निघून जातं. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञ आणि सांधेरोपण सर्जन यांच्या संघटनांनी २०२३ मध्ये मिळून दिलेल्या शिफारशी हेच सांगतात: साखर आणि निकोटिनसाठी थांबा, केवळ वजनासाठी नको. फिजिओथेरपीसाठीही तारीख अडवू नका, असं त्यांचं म्हणणं. तरी मिळालेल्या दिवसांत मांडीचे स्नायू बळकट करावेत. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणं, पाय सरळ ताठ करून धरणं, एवढं दिवसातून दोनदा. ऑपरेशनआधीची मांडीची ताकद आणि वर्षभरानंतरचं चालणं यांचं नातं बऱ्यापैकी घट्ट आहे.

गेल्या तीन महिन्यांत गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल, तर वाद मिटला. थांबाच.

थांबण्याचीही किंमत असते. रात्रीचं दुखणं चालूच राहतं आणि दुखणं थांबवायच्या गोळ्यांनी मूत्रपिंडावर ताण येतो. मेडिक्लेमचं नूतनीकरण मध्येच येत नाही ना, तेही बघा. साखरेसाठी नवीन गोळी सुरू झाली असेल तर नाव लिहून ठेवा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साधारण तीन दिवस आधी बंद करतात, नाहीतर साखर फार चढलेली न दिसताही रक्तात आम्ल वाढू शकतं.

हा सगळा हिशोब ठरवून करायच्या ऑपरेशनचा. खुब्याचं हाड मोडलं असेल तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन होणंच बरं, आणि कॅन्सरमध्ये तयारी होते ती मिळालेल्या तारखेच्या आत.

या आईसाठी मी आठ आठवड्यांच्या बाजूने आहे, पण "बघू नंतर" म्हणून नाही. सर्जनकडून आजच आठ आठवड्यांनंतरची तारीख घ्या आणि सहाव्या आठवड्यात रक्त पुन्हा तपासा. एचबीए१सी ८.१ वर आला, हिमोग्लोबिन ११.५ झालं आणि मशेरी सुटली असेल, तर ७.५ ची वाट बघत आणखी दोन महिने घालवू नका. तारीख कायम ठेवा. साखर तेव्हाही ९ च्या पुढेच असेल, तर मात्र डायबेटिसतज्ज्ञ बदलायचा की औषध, हे आधी ठरवा.