लॉनवर टच स्क्रीन लावली, एक नागपुरी उन्हाळा काढला, आता लिहितो

आमचं काटोल रोडकडे छोटंसं लॉन आहे, एक एसी हॉल आणि बाहेर मोकळी जागा. एका दिवशी दोन लग्नं असली की कोणी ना कोणी चुकीच्या मांडवात जाऊन आहेर देऊन येणारच. एका काकांनी तर जेवण उरकलं, पान खाल्लं आणि मग स्टेजकडे पाहून म्हणे हा नवरदेव आपला नाही ना बाप्पा. यावर इलाज म्हणून मागच्या डिसेंबरात गेटजवळ ४३ इंची उभी टच स्क्रीन लावली, मॉलमध्ये नकाशा दाखवायला असते तशी, आणि हॉलच्या दाराशी ५५ इंची साधा डिस्प्ले, बिनटचचा. फिटिंग धरून दोनेक लाखाला पडलं. डीलरचं नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही आणि रोज तोंड दिसतं.

डेमो पाहिला तो शोरूममध्ये, एसी १८ वर, पडदे लावलेले, त्यात काय दिसणार नाही? डिसेंबर-जानेवारीत मशीन मक्खन चाललं. फेब्रुवारी संपता संपता दुपारी ११ नंतर गेटवर आरसा झाला नुसता, लोक त्यात केस नीट करून राहिले. मग शोधलं तेव्हा कळलं की स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात, घरचा टीव्ही असतो २५०-३०० निट्सचा, दुकानात लावायचे डिस्प्ले ५००-७०० चे, आणि थेट उन्हात वाचता यायला २००० च्या वर लागतात. आमचा होता ४५०. हे बिलावर लिहिलेलं होतं बरं का, मीच विचारलं नाही की निट्स म्हणजे काय.

मग आला मे. कागदावर मशीनची मर्यादा ४० डिग्री. आता नागपुरात मे महिन्यात ४० म्हणजे सकाळचे १० वाजले समजायचे. (२०२४ मध्ये ५६ डिग्रीची बातमी फिरली होती आठवते का, तो सेन्सर बिघडलेला निघाला, पण आपल्यातल्या निम्म्या लोकांना ती खरीच वाटली होती यातच काय ते आलं.) सावलीत ४४-४५, आणि काळा पत्र्याचा डबा उन्हात उभा, आतून त्याचीच लाइट तापलेली, तर एका दुपारी स्क्रीनच्या मधोमध शाई सांडल्यासारखा काळा डाग. मला वाटलं गेले पैसे. संध्याकाळी डाग आपोआप गायब! होतं असं की आतलं लिक्विड क्रिस्टल एका मर्यादेपलीकडे तापलं की काम सोडून देतं, थंड झालं की परत येतं. बाहेरच्यासाठी ११० डिग्रीपर्यंत टिकणारे पॅनल वेगळे मिळतात, महाग असतात. रोज रोज असं झालं तर कायमचं नुकसान होतं म्हणे, म्हणून मशीन उचलून पोर्चमध्ये आणलं. आमच्या पोराने हुशारी करून बाजूला कूलर लावला होता तोही काढायला लावला, त्याचे तुषार थेट मागच्या जाळीत जात होते.

पण खरी गंमत संध्याकाळी. हे टच मोबाइलसारखं नाही, इन्फ्रारेडचं आहे, म्हणजे काचेच्या चारी कडांना बारीक लाइट आणि सेन्सर, न दिसणाऱ्या किरणांची जाळी, बोट मध्ये आलं की टच झाला. याचा फायदा मोठा, ओल्या मेंदीच्या हातांच्या बायका बांगडीने, पर्सच्या टोकाने, कशानेही दाबतात आणि चालतं. तोटा हा की लॉनवर रात्री स्क्रीन म्हणजे दिवा, आणि दिव्यावर काय येतं? पहिल्या पावसानंतर पाखरांची फौज बसली फ्रेमवर आणि मशीन स्वतःच दाबून राहिलं, पार्किंग, मेनू, पार्किंग, फोटो, पार्किंग. एक मावशी हात जोडून म्हणे बाहेरचं काही आहे का यात. आता ७ नंतर टच बंदच करतो, स्क्रीन मंद करतो आणि सकाळी जुन्या दाढीच्या ब्रशने कडांची धूळ काढतो, धुळीनेही तोच तमाशा होतो.

मराठीचा त्रास कोणी सांगितला नव्हता. पत्रिकावाले नावं देतात श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, तो फॉन्ट या मशीनमध्ये नाही, म्हणून इथे चिकटवली की सगळं इंग्रजी कचरा अक्षरांत. हाताने युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं तसं, टाइप केलं तर मशीनमधल्या जुन्या अँड्रॉइडवरच्या त्या सॉफ्टवेअरला आपला ऱ्ह झेपत नाही. आता नागपुरात वऱ्हाडपांड्यांचं लग्न यायचं नाही असं कसं चालेल? र वेगळा, त्याखाली पाय मोडलेला, ह पुढे पळालेला, वधूपिता समोर उभे. तेव्हापासून नावं कॉम्प्युटरवर डिझाइन करून सरळ फोटो म्हणून टाकतो. ही एक गोष्ट घेण्याआधी नक्की तपासा, डीलरसमोर स्वतःच्या हाताने ‘वऱ्हाडे’ आणि ‘चि. सौ. कां.’ टाइप करून पहा.

आणि हो, लाइट गेली की मशीनचं घड्याळ १९७० सालात जातं! आत घड्याळाची बॅटरीच नाही, वायफाय मिळेपर्यंत बिचाऱ्याला वाटतं मनमोहन देसाईचे पिक्चर चालू आहेत, मग टायमरने लावलेलं काहीच सुरू होत नाही. यूपीएस लावा.

आतल्या ५५ इंचीने फार त्रास दिला नाही, फक्त एकदा. मरून बॅकग्राउंडवर पांढरी नावं १४ तास तशीच ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी नव्या नवरीच्या नावामागे कालचा नवरदेव पुसटसा दिसत होता. नवरीच्या भावाने विचारलं हा कोण. काय सांगणार! दिवसभर फिरते फोटो लावले तेव्हा कुठे पुसलं गेलं. आता नावं दर दोन मिनिटांनी जागा बदलतात.

मार्क द्यायचे तर ५५ इंचीला ५ पैकी ४, थर्माकोलच्या अक्षरांचा खर्च आणि कचरा दोन्ही वाचले, पार्ट्या खुश. टचवाल्याला २, तेही मेंदीसाठी. लॉनवर टचची गरजच नव्हती खरं तर, लोकांना दोनच प्रश्न असतात, आपलं लग्न कुठलं आणि जेवण कुठे, आणि दोन्ही ते स्क्रीनला टेकून उभ्या असलेल्या आमच्या वॉचमनलाच विचारतात. लहान पोरं तेवढी दाबतात, सगळं, एकदम.

परवा डीलरचा फोन, नवीन आउटडोअर मॉडेल आलंय, २५०० निट्स, पाहून घ्या. म्हटलं आण ना, पण मे महिन्यात, दुपारी २ ला, गेटवर. तो म्हणे भाऊ, दिवाळीनंतर आणतो ना, तेव्हा हवा मस्त असते.