सॉफ्टबॉलचा मेरठवाला पूर्ण किट, दोन सीझन वापरून झाल्यावर लिहितोय (तालुका-जिल्हा संघटना चालवणाऱ्यांनी ऑर्डर देण्याआधी वाचा)

पाचपैकी तीन स्टार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मेरठ-जालंधरहून येणारे तीन-चार किट मी हाताळलेत आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच आहे, त्यामुळे एकालाच नावं ठेवून उपयोग नाही.

आधी आमचं सांगतो म्हणजे रिव्ह्यू कुठून येतोय ते कळेल. जळगाव जिल्ह्यात रावेरच्या बाजूला मी शाळेत क्रीडा शिक्षक आहे आणि तालुक्यातलं सॉफ्टबॉलचं (बेसबॉलसारखाच, पण मोठ्या बॉलचा खेळ) काम बघतो. सुरुवातीला एकाच शाळेची १४ मुलं होती, आज चार शाळांमधून साठच्या वर येतात आणि त्यात निम्म्याहून जास्त मुली. ग्राउंड शाळेचंच, उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला चालू करून आठच्या आत बंद करावं लागतं, कारण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो. पैसा म्हणाल तर जुन्या खेळाडूंनी प्रत्येकी ५०० काढले, एका केळी व्यापाऱ्याने १० हजार दिले, बाकीचे आम्ही शिक्षकांनी टाकले आणि वाहतुकीसकट २८,४०० ला किट घेतला. माल ट्रान्सपोर्टने भुसावळला आला, तिथून छोटा हत्ती करून आणला.

किटमध्ये काय होतं, तर १० ग्लोव्ह, १ कॅचर मिट (बॅटरच्या मागे बसून बॉल घेणाऱ्याचा जाड ग्लोव्ह), २ अ‍ॅल्युमिनियम बॅट, १२ बॉल, कॅचरचा सेट म्हणजे मास्क, चेस्ट गार्ड, लेग गार्ड, मग २ हेल्मेट, बेस (धावताना पाय लावायच्या गाद्या), होम प्लेट (बॅटरपाशी असते ती), पिचर प्लेट (बॉल टाकणारा उभा राहतो ती) आणि एक मोठी बॅग. कागदावर वाचलं की वाटतं झालं, आता टीम उभी राहिली. तसं होत नाही, आणि कुठे अडतं ते सांगायलाच हे लिहितोय.

ग्लोव्हपासून सुरू करतो कारण सगळं तिथेच आहे. नवीन संघटनावाले आधी बॅट बघतात, किती चमकते, आवाज कसा येतो. पण बॅटिंगला एका वेळी एकच मूल उभं राहतं आणि फिल्डिंगला नऊ, म्हणजे दोन बॅटवर चाळीस मुलांची प्रॅक्टिस निघते पण दहा ग्लोव्हवर दहाच मुलं कॅच करतात आणि बाकीची सावलीत बसून बघत राहतात, आणि जे मूल रोज बसून बघतं ते तिसऱ्या आठवड्यात यायचं बंद होतं. हे मी दोन उन्हाळे हजेरीच्या वहीत बघितलंय. पहिल्या वर्षी शिबिराला ३८ नावं आली आणि शेवटच्या दिवशी २१ उरली. दुसऱ्या वर्षी बॅट एकही नवीन घेतली नाही, इकडून तिकडून मागून ग्लोव्ह २२ केले आणि ४६ पैकी ४० टिकली. कोच तोच होता, ग्राउंड तेच होतं.

मॅचमध्ये एकाच संचावर दोन्ही टीम खेळवतो आम्ही, इनिंग बदलली की ग्लोव्ह जागेवर ठेवायचे आणि समोरच्यांनी उचलायचे. सुरुवातीला पोरांना त्याची लाज वाटायची, मग त्यांना सांगितलं की अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्येसुद्धा १९५३ पर्यंत खेळाडू आपला ग्लोव्ह मैदानातच टाकून यायचे, १९५४ पासून त्यावर बंदी आली. ते ऐकल्यावर बरीच मोकळी झाली. खरं तर आपल्या खेळाचा जन्मच जुगाडातून आहे, १८८७ साली शिकागोत पहिल्यांदा खेळले तेव्हा बॉल म्हणजे दोरीने आवळलेला बॉक्सिंग ग्लोव्ह होता आणि बॅट म्हणजे झाडूचा दांडा. शिकागोत आजही १६ इंची मोठ्या बॉलवर ग्लोव्हशिवाय खेळतात. त्यावरूनच सुचलं आणि पहिले दहा दिवस आम्ही नव्या मुलांना चिंध्या भरून शिवलेल्या मोठ्या बॉलवर कॅच शिकवतो, हात सुजत नाही आणि बॉलची भीती बसत नाही.

आता क्वालिटी. दहा ग्लोव्हपैकी सहाचा तळवा लेदरचा निघाला आणि चारचा रेक्झिनचा, ऑर्डरमध्ये सगळे लेदर सांगितले होते. रेक्झिनवाले पहिल्याच मे महिन्यात पॉकेटपाशी तडकले. लेदरवाले मात्र चांगले आहेत, मनापासून सांगतो. आले तेव्हा कडक होते, मग रोज रात्री आत बॉल ठेवून सुतळीने बांधून ठेवायचे आणि खोबरेल तेलाचं अगदी बोट फिरवायचं (जास्त लावलं की चामडं लिबलिबीत होतं आणि बॉल बसतो तिथेच घडी पडते, एक ग्लोव्ह असाच गेला). पंधरा दिवसांत बसले. बोटांमधली जाळी ज्या वादीने ओवलेली असते ती वादी मात्र सगळ्यांचीच कच्ची, वर्षात सात ग्लोव्हची तुटली. आमच्या बसस्टँडजवळ चपला शिवणारे काका आहेत, त्यांनी पहिला ग्लोव्ह पूर्ण उलगडून ओवण कशी आहे ते बघून घेतलं आणि आता ४० रुपयांत नवीन वादी ओवून देतात, कंपनीच्या ओवणीपेक्षा त्यांची जास्त टिकते. तुमच्या गावात असा माणूस शोधून ठेवा.

आणि डावखुऱ्यांचं. हे मला सगळ्यात जास्त लागलंय. दहाच्या दहा ग्लोव्ह उजव्या हाताने थ्रो करणाऱ्यांचे, म्हणजे डाव्या हातात घालायचे. आमच्याकडे सातवीतली एक मुलगी आली, डावखुरी, थ्रो असा की थर्ड बेसवरून फर्स्टला बॉल टप्पा न पडता जायचा. तिला द्यायला ग्लोव्हच नाही. तीन आठवडे ती उलटा ग्लोव्ह उजव्या हातात कसाबसा कोंबून खेळली, अंगठ्याच्या जागी करंगळी, एक दिवस बॉल बोटावर बसला आणि मग आली नाही. कंपनीला फोन केला तर म्हणाले लेफ्टीचे कमीत कमी पाच घ्यावे लागतील. पाच कुठून घेणार? शेवटी पुण्याहून एक सुटा मिळाला १,४५० ला, त्यात चार महिने गेले, आणि मी तिच्या घरी जाऊन तिला परत घेऊन आलो. आज ती फर्स्ट बेस खेळते. फर्स्ट बेसला डावखुरा खेळाडू सोन्यासारखा, कारण ग्लोव्हचा हात इनफिल्डच्या (चार बेसमधल्या मैदानाच्या) बाजूला येतो आणि सेकंडला थ्रो करायला अंग फिरवावं लागत नाही. म्हणून ऑर्डर देताना नुसतं लेफ्ट किंवा राइट लिहू नका, घोटाळा होतो, ग्लोव्ह कोणत्या हातात घालायचा की थ्रो कोणत्या हाताने यात दुकानदारही गोंधळतात, स्पष्ट लिहा "डाव्या हाताने थ्रो करणाऱ्यासाठी" आणि दहात निदान दोन तसे मागा.

बॉल. नियमाने घेर १२ इंच आणि वजन १७८ ते १९८.४ ग्रॅम पाहिजे. हातात घेतल्यावर काही जड वाटले म्हणून सगळे बारा घेऊन किराणा दुकानात गेलो, इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक ठेवला. सात बरोबर, तीन २०५ च्या वर, दोन १७० च्या आसपास. तेव्हापासून बरोबर असलेल्यांवर मार्कर पेनने खूण करून ते मॅचला, बाकीचे बॅटिंग प्रॅक्टिसला. जड बॉलने पिचिंग करायला लावू नका, विंडमिल (हात गोल फिरवून खालून) टाकणाऱ्या पोरीचा खांदा आधीच ताणात असतो. पावसात भिजले की हे बॉल पाणी पितात आणि शिवण उसवते, शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्यातच चालू होतात, त्यामुळे ऑगस्टपर्यंत बारातले पाच उरले. दहा वर्षांच्या आतल्यांसाठी ११ इंची बॉल वेगळे मागवा, छोट्या हातात १२ इंची मावतच नाही आणि मग पोरं तळहाताने ढकलतात, ती सवय नंतर मोडत नाही.

बॅट ठीक. दोन्ही ३३ इंची आल्या, नियमात जास्तीत जास्त ३४ चालते, पण बारा वर्षांच्या मुलीला ती फिरत नाही. एक २८-३० इंची हलकी मागितली असती तर बरं झालं असतं, तो माझा धडा. एकीचं टोकाचं झाकण सहा महिन्यांत निघालं, चिकटवून चालवतोय.

हेल्मेटवरून मात्र कंपनीशी भांडलो. एकाच कानाचं आलं होतं. सॉफ्टबॉलला दोन्ही कान झाकणारं लागतं, आणि मुलांच्या डोक्याचा प्रश्न आहे त्यात मी ऐकून घेणार नव्हतो. इथे त्यांचं कौतुक केलं पाहिजे, फोटो पाठवल्यावर एकही प्रश्न न विचारता १८ दिवसांत दोन्ही बदलून दिली, वाहतूक त्यांच्या खर्चाने. कॅचरच्या मास्कला घशाचं प्रोटेक्शन नव्हतं, ते मात्र वेगळे पैसे देऊन घ्यावं लागलं, आणि लेग गार्ड मोठ्या माणसाच्या मापाचे आहेत, आठवीच्या मुलीला मांडीपर्यंत येतात.

बेस कॅनव्हासचे, माती भरून जड होतात, ठीक आहेत. पिचर प्लेट २४ इंच लांब पाहिजे ती १८ ची आली. पण खरी उणीव म्हणजे फर्स्ट बेसला डबल बेस नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फर्स्टला दोन बेस जोडून असतात, पांढरा आत फील्डरसाठी आणि केशरी रेषेच्या बाहेर, फाऊल बाजूला, पळणाऱ्यासाठी, म्हणजे दोघांचे पाय एकमेकांत येत नाहीत. आमच्याकडे साध्या बेसवर एका मुलीचा घोटा असा मुरगळला की दीड महिना घरी. तिच्या आईने मला काही बोलून दाखवलं नाही, पण ते दीड महिने मला झोप लागली नाही नीट. मग गाड्यांचे सीट कव्हर शिवणाऱ्याकडे गेलो, १५ इंच रुंद आणि ३० इंच लांब मापाचा कागद कापून दिला, त्याने फोम घालून अर्धा पांढरा अर्धा केशरी रेक्झिनमध्ये शिवून दिला, ६५० रुपये. किटवाल्यांनी हा मुळातच द्यायला पाहिजे, शाळेच्या मुलांसाठी विकताय ना.

ग्राउंड आखायला किटमध्ये काहीच येत नाही, टेप आणि दोरी तुमची. बेसमधलं अंतर ६० फूट, होमपासून सेकंड सरळ ८४ फूट १० इंच. आधी होम-सेकंडची दोरी ताणून घ्या, मग दोन्ही टोकांपासून ६० फुटाच्या दोऱ्या जिथे भेटतील तिथे फर्स्ट आणि थर्ड, मग फक्की मारा. नुसतं डोळ्याने काटकोन धरला की चौकोन तिरका होतो आणि आमचा पहिल्या वर्षी झालाच होता. पिचिंग मोठ्या मुलींना ४३ फूट, मुलांना ४६.

अजून एक, जे खेळाडूंना दिसत नाही पण सेक्रेटरीला रात्री जागवतं. बिल. संघटना धर्मादायकडे रजिस्टर असेल तर दरवर्षी ऑडिट आहे, आणि आम्हाला बिल आलं माझ्या वैयक्तिक नावावर. सीएने ते घेतलंच नाही. संघटनेच्या नावाने बिल बदलून घ्यायला दोन महिने फोन केले. देणगी देणाऱ्याला आपण दुसऱ्या वर्षी परत तोंड दाखवायचं असतं, त्याच्या दहा हजारांचं काय झालं ते पक्क्या बिलावर दिसलंच पाहिजे. केळीवाल्या शेठना मी बिल, ग्लोव्हचे फोटो आणि मुलांची यादी असं सगळं नेऊन दाखवलं, त्यांनी यंदा न मागता १५ हजार दिले.

पालक विचारतात की सर ऑलिम्पिकमध्ये आहे का हा खेळ. त्यांना खरं तेच सांगतो, १९९६ ते २००८ होता, मग काढला, टोकियोत परत आला, पॅरिसला नव्हता, २०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये परत आहे आणि सामने ओक्लाहोमा सिटीत आहेत. पण मुलं त्यासाठी येत नाहीत हो, हातात ग्लोव्ह मिळतो म्हणून येतात.

तर यंदा जूनची ऑर्डर अशी टाकतोय: पूर्ण किट नाही, सुटं सामान. लेदर तळव्याचे १२ ग्लोव्ह, त्यातले ३ डाव्या हाताने थ्रो करणाऱ्यांचे (शेजारच्या दोन तालुक्यांना बरोबर घेतलं म्हणजे पाचाची अट पूर्ण होते), १२ इंची बॉल २४, ११ इंची १२, छोट्या मापाचे लेग गार्ड एक जोडी, आणि २९ इंची एकच बॅट. बिल संघटनेच्या नावाने. कंपनी हीच, कारण हेल्मेट बदलून दिलं ते मी विसरलेलो नाही. आमच्या बाजूचे कोणी डावखुऱ्यांच्या ग्लोव्हमध्ये सामील होणार असतील तर २५ मेच्या आत कळवा.