अजिंठा: अ‍ॅप की गाईडकाका?

आईला घेऊन अजिंठ्याला गेले. ऑडिओ गाईडचं अ‍ॅप घरूनच डाउनलोड केलं होतं. सनावळ्या बरोबर सांगतं, पण मराठी बातम्या वाचल्यासारखं. तीन तारे.

पहिल्या लेणीत मात्र गाईडकाकांनी आईला बुद्धमूर्तीसमोर उभं केलं. "ताई, आधी डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या." मग बॅटरीचा मंद उजेड डावीकडून, उजवीकडून, समोरून. दर वेळी चेहऱ्यावरचा भाव वेगळा! आईने नकळत हात जोडले.

दहाव्या लेणीत इंग्रज अधिकारी जॉन स्मिथने १८१९ मध्ये कोरलेलं नाव इतकं उंचावर का? तेव्हा लेणीत राडारोडा साचला होता, तो त्यावर उभा होता.

काकांचा मुलगाही गाईडचं काम शिकतोय. जाल तेव्हा गाईड घ्याच.