गाडीचा कार्बोरेटर उघडलाच आहे, तर सुट्या भागांचं पूर्ण किट टाकावं की आतलं जुनं पितळ, म्हणजे जेट, धुऊन परत बसवावं?

एप्रिल 2020 नंतर आलेल्या बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या, त्यांना हा प्रश्न नाही. पण आमच्या दारव्ह्याकडच्या पांदण रस्त्यांवर फवारणीचा पंप आणि पाण्याच्या कॅना बांधून जाणाऱ्या कितीतरी गाड्या अजून कार्बोरेटरवरच आहेत. माझी 2009 ची स्प्लेंडर त्यातलीच. गेल्या पावसाळ्यात ती दीड महिना ओसरीत उभी होती. नंतर चोक ओढल्याशिवाय चालेना, चोक सोडला की बंद. कार्बोरेटर उघडला तर खालच्या कटोरीच्या, म्हणजे पेट्रोल साठतं त्या वाटीच्या, तळाशी हिरवट पांढरा थर. 2023 पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं, ते हवेतला ओलावा धरतं, आणि उभ्या गाडीत त्याचा त्रास जास्त होतो.

इथे दोन वाटा फुटतात. एक, बाजारात मिळणारं पूर्ण किट: मेन जेट, स्लो जेट, नीडल, पिन, पॅकिंग, ओ रिंगा, सगळं एका पुडीत, तेही दोनशेच्या आत. दुसरी, आपले मूळ जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकाची पितळी तोंडं, साफ करून तेच बसवायचे, रबराचं तेवढं बदलायचं आणि फ्लोटची नीडल कंपनीची आणायची. फ्लोट म्हणजे कटोरीतल्या पेट्रोलवर तरंगणारा भाग; कटोरी भरली की तो नीडल वर दाबून पेट्रोल बंद करतो. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, जुनं कायले ठेवता, पुरी किट टाकून देऊ." त्याचंही चूक नाही. एका बैठकीत काम होतं आणि कंपनीच्या नीडलसाठी यवतमाळची चक्कर वाचते. मी किट टाकलं.

दोन दिवस गाडी छान चालली. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने हाक मारली, "पेट्रोलचा वास कायचा येते रे?" ओसरीतल्या सारवलेल्या जमिनीवर, कार्बोरेटरच्या बरोबर खाली, ताटलीएवढा ओला डाग होता. कटोरीतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या टोकाशी थेंब जमत होता. दिवाळी नुकतीच झालेली, पहिल्या वेच्याचा कापूस भाव यायची वाट बघत आतल्या खोलीत छातीएवढा रचलेला, आणि दोन हातांवर ही गाडी. त्या रात्रीपासून गाडी अंगणात ढकलून ठेवू लागलो, तरी झोप लागत नसे. माझा निर्णय खरं तर त्या डागानेच केला.

रात्री टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद केला की डाग पडत नसे. बरेच जण इथेच समाधान मानतात. पण दोष तसाच राहतो, आणि एखाद्या दिवशी कॉक बंद करायचं विसरतंच. त्यात आपल्याकडे काळी माती. पाइपाचं टोक चिखलाने बुजलं, किंवा कुंभारमाशीने त्यात घर केलं, की बाहेर सांडायचं पेट्रोल इंजिनात उतरू शकतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिक काढून वास घेतला तर लगेच कळतं. तसा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

मी कार्बोरेटर परत काढला, कटोरी उघडली आणि बॉडी उलटी धरली, म्हणजे फ्लोटचं वजन नीडलवर येतं. मग पेट्रोल येण्याच्या नळीतून तोंडाने फुंकर मारली. हवा पूर्ण अडायला हवी, पण किटच्या नीडलवर बारीक सुसू आवाज येत होता. तीच फुंकर जुन्या नीडलवर मारली तर गच्च. जुन्या नीडलच्या रबरी टोकावर बारीक वळ पडला होता, तरीही. दोन्ही शेजारी धरून पाहिल्या. नवीचं टोक किंचित बोथट होतं, आणि मागची स्प्रिंगची पिन इतकी कडक की नखाने दाबली तरी जेमतेम हलायची. आमच्या कार्बोरेटरमध्ये नीडलची सीट, म्हणजे नीडलचं टोक जिथे टेकतं ते भोक, बॉडीतच बसवलेली आहे, किटमध्ये ती येत नाही. म्हणजे नवी नीडल बसणार जुन्याच सीटवर, आणि तिथे टोकाचा थोडाही फरक चालत नाही. घरच्या कापसाचा बोळा काडीला गुंडाळून, जरा पितळेचं पॉलिश लावून मी सीट साफ केली, तंतू फुंकून काढले. किटच्या नीडलची सुसू थोडी कमी झाली, पण थांबली नाही. शेवटी जुनी नीडलच परत बसवली आणि पुढच्या आठवड्यात यवतमाळहून कंपनीची आणली. डाग त्या दिवसापासून बंद. नीडल बदलूनही तुमच्याकडे गळत असेल, तर कटोरीच्या आत उभी असलेली पितळी नळी नीट बघा. तिला बारीक चीर असली तर नीडलचा काही दोष नसतो.

त्यानंतरच जेटकडे गेलो, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. कटोरीत पेट्रोलची पातळी वर असली तरी प्लग काळा पडतो, आणि स्लो जेटचं, म्हणजे गाडी उभ्या जागी स्लोवर चालताना पेट्रोल देणाऱ्या जेटचं, भोक मोठं असलं तरी काळाच पडतो. नीडल आधी सुधारली नाही तर उगाच एअर स्क्रू, म्हणजे स्लोवरचं हवा-पेट्रोलचं प्रमाण लावायचा स्क्रू, फिरवत बसाल. माझा प्लग नीडल बदलल्यावरही काजळत होता, गाडी स्लोवर कधी चढायची, कधी दबायची. लाइटच्या वायरीतला तांब्याचा एक तंतू जुन्या स्लो जेटमध्ये घट्ट जात होता, किटच्या जेटमध्ये ढिला. नंबर दोन्हींवर सारखाच. हे काही मोजमाप नव्हे, पण जुना जेट धुऊन बसवल्यावर गाडी स्लोवर स्थिर झाली. भोकात पोलादी तार मात्र कधी घालू नका, पितळ सोलतं.

किट वाईटच असतं असं मी म्हणणार नाही. माझ्या पुडीतलं पॅकिंग आणि ओ रिंगा चांगल्या निघाल्या, त्या अजून गाडीत आहेत. एखाद्याला चांगली नीडलही मिळत असेल. जेटच्या डोक्याची खाच पेचकसाने आधीच कोणी खाल्ली असेल, किंवा जेट आत गंजून काढताना तुटला असेल, तर किट घ्यावंच लागतं. गाडी खूप चाललेली असेल तर स्लाइडची, म्हणजे ॲक्सिलरेटरने वरखाली होणाऱ्या भागाची, लांब सुई आणि ती ज्यात वरखाली होते तो जेट मात्र खरोखर झिजतात, कारण तिथे घर्षण आहे. मेन आणि स्लो जेटमधून नुसतं पेट्रोल जातं. ते बुजतात, झिजत सहसा नाहीत. म्हणूनच चांगलं पितळ काढून नवं टाकायला माझं मन होत नाही. पूर्ण नवा कार्बोरेटर हा तिसरा रस्ता आहे, पण बॉडी तडकली असेल किंवा स्लाइड खडखडत असेल तरच. नाहीतर तो खर्च मला जास्त वाटतो.

वेळ अगदीच नसेल आणि किट आणलंच असेल, तर पॅकिंग आणि ओ रिंगा वापरा, नीडल फुंकून बघितल्याशिवाय कटोरी लावू नका, आणि जेट एका वेळी एकच बदला. एअर स्क्रू काढण्याआधी तो आत किती वेढे जातो ते मोजून लिहून ठेवा. काम मिस्त्रीकडे असेल तर तिथेच उभे राहा आणि जुने जेट आणि जुनी नीडल त्याने भंगाराच्या डब्यात टाकण्याआधी हातात मागून घ्या. माझे तेव्हा शर्टच्या खिशात होते, म्हणूनच परत बसवता आले.