जुन्या लिथियम बॅटऱ्यांसाठी घेतलेली अग्निरोधक पिशवी : वापरानंतरचे मत

खणात पडून असलेल्या जुन्या फोनचे मागचे झाकण आपोआप उचकटलेले दिसले आणि आत बॅटरी उशीसारखी फुगलेली आढळली, तेव्हा मी ही अग्निरोधक पिशवी मागवली. फुगलेल्या बॅटऱ्या आणि लॅपटॉपच्या पॅकमधून निघालेले सुटे सेल संकलन केंद्रात पोहोचेपर्यंत घरात सुरक्षित राहावेत, एवढीच माझी अपेक्षा होती.

पिशवी काचतंतूंच्या दुहेरी कापडाची असून तिला चेन आणि त्यावरून वेल्क्रोची झडप आहे. शिवण भक्कम आहे. कडेच्या कापडातून मात्र बारीक तंतू सुटतात आणि हात घालून काढला की मनगट बराच वेळ खाजत राहते. हातमोजे घालूनच ती हाताळावी.

वेष्टनावर ‘पूर्णपणे अग्निरोधक’ असे छापले आहे, ते मला खटकले. लिथियम आयन सेल एकदा आतून अनियंत्रित तापू लागला की त्याच्या धनाग्रातील, म्हणजे आतल्या धन बाजूच्या थरातील, ऑक्साइडमधूनही ऑक्सिजन सुटू शकतो, त्यामुळे बाहेरची हवा अडवून ती आग विझेल असे धरून चालता येत नाही. पिशवी ज्वाळा आणि ठिणग्या काही वेळ थोपवू शकते. धूर आणि हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू शिवणीतून आणि झडपेच्या फटीतून बाहेर पडणारच. ही फट उणीव नव्हे, कारण हवाबंद डब्यात वायूचा दाब साठून डबाच फुटू शकतो. म्हणून मी ही पिशवी घराबाहेर, सावलीत, कोरड्या फरशीवर ठेवतो आणि जवळ कागद किंवा कापड येऊ देत नाही.

खरी उणीव आत आहे: कप्पे नाहीत. १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे गोल सेल एकमेकांवर घरंगळतात. या सेलचा बाहेरचा संपूर्ण धातूचा डबा म्हणजे ऋण टोकच असते, आणि वरचे पातळ प्लास्टिक फाटले असेल तर शेजारच्या सेलचे धन टोक त्याला टेकून शॉर्ट सर्किट होऊ शकते. त्यामुळे प्रत्येक सेलच्या दोन्ही टोकांना आणि फाटलेल्या जागी इन्सुलेशन टेप लावणे आलेच, आणि टेप लावायचीच तर पिशवीने नेमके कोणते काम वाचवले, असा प्रश्न मला पडला. फुगलेली बॅटरी मी वेगळ्या, झाकण घट्ट न लावलेल्या पत्र्याच्या डब्यात वाळूवर ठेवली. पिशवीत इतर सेलच्या भाराखाली ती दाबली जाणे मला नको होते.

सोबतच्या माहितीपत्रकात विल्हेवाटीविषयी ‘योग्य ठिकाणी टाकावे’ एवढेच वाक्य आहे. नेहमीच्या कचऱ्यात टाकलेला सेल कचरागाडीत दाबला जाऊन पेट घेऊ शकतो, फुगलेल्या बॅटरीला टाचणी लावून वायू काढू नये, आणि अशी बॅटरी नेण्याआधी संकलन केंद्राला कळवावे, या तीन गोष्टी तेथे सहज मावल्या असत्या. जे सेल पुन्हा वापरायचे आहेत ते साधारण ४० ते ५० टक्के चार्जवर ठेवावेत, याचाही उल्लेख नाही.

पाचपैकी तीन गुण देतो. कप्पे असलेली मोठ्या मापाची पिशवी निघाली तर चौथाही देईन, पण त्याआधी वेष्टनावरचा ‘पूर्णपणे’ हा शब्द गेलेला मला पाहायचा आहे.