एकच ट्यूब कॉम्बो घ्यायचा तर: हॉट रॉड डिलक्स, एसी१५ की डीएसएल४०?

गिटारसाठी एकच अ‍ॅम्प घ्यायचाय, तो ट्यूबचाच (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) हवाय आणि त्यावर जॅझच्या कॉर्ड्सपासून रॉकच्या रिफपर्यंत सगळं वाजलं पाहिजे, असं म्हणणाऱ्याला तीन नावं हमखास ऐकवली जातात: फेंडरचा हॉट रॉड डिलक्स, व्हॉक्सचा एसी१५ आणि मार्शलचा डीएसएल४०. तिघेही कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि १२ इंची स्पीकर एकाच पेटीत. तिघांनाही रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या हॉलमधल्यासारखा घुमारा, आहे, आणि तिघांचंही वजन वीस किलो किंवा त्याहून थोडं जास्त. मतं विचारायला जावं, तर एक जण ज्याला डोक्यावर घेतो त्यालाच दुसरा नावं ठेवतो.

ही मतं जुळत नाहीत याचं कारण कानांपेक्षा जागेत जास्त आहे. हॉट रॉडला शिव्या घालणारा बहुधा फ्लॅटमध्ये वाजवत असतो आणि त्याचं कौतुक करणारा ड्रमरच्या शेजारी उभा असतो. एसी१५ वर जीव टाकणारा पुष्कळदा रेकॉर्डिंग करणारा निघतो. म्हणून दुसऱ्याचं मत ऐकताना तो किती मोठ्याने वाजवतो आणि त्याचा ओव्हरड्राइव्ह (किंवा नुसता ड्राइव्ह, म्हणजे फाटणारा आवाज) अ‍ॅम्पमधून येतो की पायाने दाबायच्या पेडलमधून, हे आधी विचारून घ्यावं. ही दोन उत्तरं मिळाली की निम्मे वाद तिथेच मिटतात.

हॉट रॉड डिलक्स: क्लीनसाठी घ्या, ड्राइव्हसाठी नको

हा अ‍ॅम्प १९९६ पासून चालत आलाय. पॉवरला (आवाज मोठा करणाऱ्या शेवटच्या टप्प्याला) दोन ६एल६ ट्यूब, प्रीअ‍ॅम्पला (सिग्नल घडवणाऱ्या आधीच्या टप्प्याला) तीन १२एएक्स७, ताकद ४० वॉट. चौथी आवृत्ती २०१८ मध्ये आली, तिच्यात सेलेस्चनचा ए-टाइप स्पीकर आहे. कार्यक्रमांना भाड्याने मिळणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये जगभर हा सर्रास दिसतो, आणि ते उगाच नाही. याचा क्लीन, म्हणजे न फाटणारा, चॅनेल रुंद, भरदार आणि वरच्या टोकाला काचेसारखा स्वच्छ आहे. खालच्या तारा मोठ्या आवाजातही लिबलिबीत होत नाहीत. पुढे कुठलंही पेडल लावा, फझ असो की ट्यूब स्क्रीमर, ते आपलं स्वतःचं काम करतं आणि अ‍ॅम्प मध्ये लुडबुड करत नाही. ऑर्केस्ट्रात एका गाण्याला वा-वा पेडल, पुढच्याला कोरस आणि त्यानंतर डिस्टॉर्शन लागणाऱ्याला याहून सोयीचा पाया या किमतीत मिळणं अवघड.

आता तक्रारी. पहिली आवाजाची. डायलवर आकडे १२ पर्यंत आहेत, पण क्लीन चॅनेलचा नॉब एकवरून दोनकडे सरकला की घरातली माणसं दारात येऊन उभी राहतात. मास्टर व्हॉल्यूम आहे, पण तो फक्त ड्राइव्ह चॅनेलवर चालतो, त्यामुळे क्लीन वाजवणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. पुढच्या आवृत्त्यांत फेंडरने नॉबची चाल सौम्य केली, तरी स्वभाव तोच राहिला. यावर दोन उपाय आहेत. गिटार पहिल्याऐवजी दुसऱ्या इनपुटमध्ये लावा, तिथे सिग्नल मुळातच कमी होतो. किंवा ‘प्रीअ‍ॅम्प आउट’ आणि ‘पॉवर अ‍ॅम्प इन’ या दोन जॅकमध्ये एक व्हॉल्यूम पेडल जोडा आणि त्याने आवाज आवरा. दुसरा उपाय जास्त चांगला, कारण नॉब त्याच्या सोयीच्या जागी ठेवता येतो आणि रात्री दहालाही बारीक हाताने वाजवता येतं.

दुसरी तक्रार ड्राइव्ह चॅनेलची. बहुतेकांना तो चरचरीत वाटतो आणि माझंही मत तेच आहे. क्लीन, ड्राइव्ह आणि मोअर ड्राइव्ह मिळून आकड्याने तीन चॅनेल होतात, पण ट्रेबल-बेस-मिडल (वरचे, खालचे आणि मधले सूर कमी-जास्त करायचे नॉब) तिन्हींना मिळून एकच. क्लीनला शोभणारी ट्रेबल ड्राइव्हला कानात खुपते. चौथ्या आवृत्तीत ड्राइव्हमधले सूर जास्त सुटे ऐकू येतात हे खरं. पहिली प्रीअ‍ॅम्प ट्यूब काढून तिथे कमी गेनची (सिग्नल कमी वाढवणारी) ५७५१ बसवणारेही पुष्कळ आहेत, त्याने धार थोडी बोथट होते. पण ज्याला अ‍ॅम्पचाच ओव्हरड्राइव्ह हवाय त्याने हा घेऊन मग ट्यूबांची अदलाबदल करत बसण्यात अर्थ नाही.

जुना हॉट रॉड घेताना एक गोष्ट मागची पट्टी काढून बघायलाच हवी. सर्किट बोर्डवर सिमेंटचे दोन मोठे पांढरे रेझिस्टर असतात. ते सतत तापतात, बोर्ड त्यांच्याखाली करपून तपकिरी होतो आणि सोल्डर सुटायला लागतं. त्याच वाटेने रिव्हर्ब आणि चॅनेल बदलणाऱ्या रिलेला (विजेने चालणाऱ्या स्विचला) वीज जाते, म्हणून दोष दिसतो तो भलतीकडेच: रिव्हर्ब अचानक जातो, फूटस्विच ऐकेनासा होतो. विकणारा ‘फूटस्विचची वायर खराब आहे’ असं सांगत असेल तर आधी ते रेझिस्टर बघा. दुरुस्ती महाग नाही, मात्र ट्यूबचं काम जाणणाऱ्यानेच ती करावी. बंद अ‍ॅम्पच्या कपॅसिटरमध्येही विजेचा जीवघेणा दाब साठलेला असू शकतो.

एसी१५: थोडंच देतो, पण देतो ते जीव ओतून

व्हॉक्सचा मूळ एसी१५ इंग्लंडमधल्या डार्टफर्डचा, १९५० च्या दशकाच्या शेवटी डिक डेनी यांनी आखलेला. द शॅडोज या ब्रिटिश बँडला स्टेजवर जास्त आवाज हवा होता म्हणून त्यातूनच एसी३० निघाला, आणि पुढे क्वीन बँडच्या ब्रायन मेपर्यंत त्या आवाजाची परंपरा चालू राहिली. आज बहुतेक जण घेतात तो एसी१५सी१: दोन ईएल८४, १५ वॉट, सेलेस्चन ग्रीनबॅक स्पीकर, स्प्रिंग रिव्हर्ब आणि सोबत ट्रेमोलो, म्हणजे आवाज ठेक्यात कमी-जास्त होणं. ट्रेमोलो बाकी दोघांत नाही.

याचं मर्म क्लीन आणि ड्राइव्हच्या सीमेवर आहे. टॉप बूस्ट या धारदार चॅनेलचा व्हॉल्यूम मध्यावर ठेवा. हळू छेडलंत तर कॉर्डमधला प्रत्येक सूर सुटा वाजतो, जोरात मारलंत तर तोच अ‍ॅम्प गुरगुरतो. गिटारचा व्हॉल्यूम नॉब थोडा मागे घेतला की पुन्हा क्लीन. पेडलला पाय न लावता हाताने एवढा फरक पाडता येणं हीच या अ‍ॅम्पची खरी विविधता, आणि ती चॅनेल मोजून कळत नाही. तिघांत बोटांना सगळ्यात जास्त उत्तर देणारा अ‍ॅम्प हाच, याबद्दल मला शंका नाही.

नॉब मात्र समजून घ्यावे लागतात. मिडल नाहीच. टॉप बूस्टचे बेस आणि ट्रेबल दोन्ही पूर्ण वाढवले की मधला भाग खाली बसतो आणि बँडमध्ये गिटार हरवते. टोन कट उलटा चालतो: वाढवाल तसे वरचे सूर कमी होतात. नवखा माणूस टेलिकास्टर गिटारचा ब्रिज पिकअप (ब्रिजजवळचा, तिखट आवाजाचा) लावतो, कट शून्यावर ठेवतो आणि ‘फार टोचतो’ म्हणून अ‍ॅम्प परत करतो. कट अर्ध्यावर आणला असता तर कदाचित तोच अ‍ॅम्प त्याने ठेवून घेतला असता.

आता मर्यादा. नॉर्मल आणि टॉप बूस्ट यांची इनपुट वेगळी आहेत, त्यांत फूटस्विचने ये-जा होत नाही. इफेक्ट्स लूप (प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर यांच्यामध्ये पेडल जोडायची सोय) नाही, त्यामुळे अ‍ॅम्प फाटायला लागला की पुढे लावलेल्या डिलेचे प्रतिध्वनीही त्याच्याबरोबर फाटतात. कुणाला तो गिचका आवडतोही. आणि जोरकस ड्रमरसमोर याचा क्लीन टिकत नाही. मायक लावून पीएवर (हॉलच्या ध्वनियंत्रणेवर) दिला तर मोठ्या हॉललाही पुरतो, पण स्टेजवर मॉनिटर चांगला हवा.

डीएसएल४०: पेडलबोर्ड नसलेल्यासाठी

मार्शलचा पहिला अ‍ॅम्प, लंडनमध्ये १९६२ साली बनलेला जेटीएम४५, फेंडर बासमनच्या सर्किटवरून उचललेला होता. म्हणजे यातले दोघे तसे चुलत भाऊच. डीएसएल हे नाव १९९७ च्या जेसीएम२००० मालिकेतलं. सध्याचा डीएसएल४०सीआर २०१८ चा: दोन ईएल३४, ४० वॉट, आणि एका स्विचवर २० वॉट.

अ‍ॅम्पच्या आतच क्लीन, क्रंच, ओडी१ आणि ओडी२ असे चार प्रकार आहेत. त्यातला क्रंच म्हणजे याचा प्राण. मधले सूर पुढे येतात, दोन गिटारांच्या गर्दीतही रिफ ऐकू जातो. ओडी२ थेट मेटलपर्यंत पोचतो, तेवढ्यासाठी वेगळं डिस्टॉर्शन पेडल घ्यायची गरज नाही. दोन मास्टर व्हॉल्यूम असल्यामुळे तालासाठी एक आणि सोलोसाठी एक पातळी पायाने बदलता येते. इफेक्ट्स लूप आहे, त्यामुळे डिले ओव्हरड्राइव्हच्या मागे स्वच्छ बसतो. गेन आणि व्हॉल्यूम वेगळे असल्याने घरातल्या आवाजातही ड्राइव्ह मिळतो, आणि या एका बाबतीत तो दोघांनाही मागे टाकतो.

क्लीनबद्दल मतं विभागलेली आहेत. ‘मार्शलला क्लीन येतच नाही’ हे जुनं वाक्य डीएसएलला लागू पडत नाही, क्लीन चांगला आहे. पण हॉट रॉडशेजारी ठेवून ऐकला तर कोरडा आणि अरुंद वाटतो. एकच इक्वलायझर सगळ्यांना वाटून द्यायची अडचण इथेही आहे. रिव्हर्ब डिजिटल आहे. काम भागतं, पण स्प्रिंगच्या ओल्या, थरथरत्या आवाजाची ज्यांना सवय आहे त्यांची दुधाची तहान ताकावर भागवल्यासारखं होतं.

वॉटचा हिशेब

४० वॉटचा अ‍ॅम्प १५ वॉटच्या जवळजवळ तिप्पट मोठा वाजेल, ही समजूत सोडून द्या. फरक साधारण ४ डेसिबलचा पडतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात. डीएसएलचा स्विच ४० वरून २० वर टाकला की ३ डेसिबल उतरतात, शेजाऱ्याला ते कळणारही नाही. वॉटने ठरतं ते एवढंच की क्लीन कुठे संपतो. त्यामुळे ‘घरासाठी १५ वॉट बरा’ म्हणून एसी१५ घेणाऱ्यांची निराशा होते, कारण त्याचा गोडवा जिथे सुरू होतो तो आवाजही फ्लॅटला मोठाच आहे. अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये अ‍ॅटेन्युएटर लावून आवाज उतरवता येतो. त्याला स्पीकरचीच केबल वापरा, गिटारची नको. स्पीकर किंवा दुसरा योग्य लोड न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आपल्याकडे घेताना

अमेरिकेतला भाऊ किंवा आत्या येताना घेऊन येणार असेल तर थांबा. तिथला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असतो, नुसता प्लग बदलून भागत नाही. चांगला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तो अ‍ॅम्पला लागणाऱ्या वॉटपेक्षा बराच मोठा हवा, आणि मग प्रत्येक कार्यक्रमाला वीस किलोच्या अ‍ॅम्पबरोबर तोही उचलावा लागतो. आयात कर धरूनही भारतातला २३० व्होल्टचा अ‍ॅम्प पुष्कळदा सोयीचा पडतो, वॉरंटी मिळते ती वेगळीच.

पॉवर ट्यूब कधी ना कधी बदलाव्या लागतात. एसी१५ कॅथोड बायसचा आहे (ट्यूबमधला प्रवाह, म्हणजे बायस, तो स्वतःच सांभाळतो), म्हणून जुळलेली जोडी आणून बसवली की बायस लावत बसावं लागत नाही. पण त्याच्या ईएल८४ जास्त तापत राहतात आणि तुलनेने लवकर थकतात. हॉट रॉड आणि डीएसएलला नव्या ट्यूब घातल्यावर बायस तपासून घ्यावा लागतो, म्हणजे तंत्रज्ञ आला. आज बऱ्याचशा ट्यूब स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात, तेव्हा एक जोडी आधीच घेऊन ठेवलेली बरी. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात अ‍ॅम्प आठवड्यातून एकदा तरी तासभर चालू ठेवावा. दमट हवेत पॉट (नॉबमागचे फिरते रेझिस्टर) खरखरतात आणि ट्यूबच्या सॉकेटवर गंज चढतो.

मला विचाराल तर: पेडलबोर्ड तयार असेल आणि कार्यक्रम सतत असतील तर हॉट रॉड. पेडल नकोत, रॉक आणि मेटल जास्त, घरीही ड्राइव्ह हवा तर डीएसएल. गाणी स्वतः लिहिता, रेकॉर्ड करता, लहान जागी वाजवता आणि अंगठ्याच्या जोरावर आवाज घडवायला आवडतो तर एसी१५, आणि इफेक्ट्स लूपची हळहळ करू नका. हॉट रॉडचं वजन झेपत नसेल तर त्याच घराण्यातला ब्लूज ज्युनियर आहे, १५ वॉट आणि साधारण १४ किलो, पण त्यालाही लूप नाही आणि क्लीन लवकर संपतो.

दुकानात स्वतःची गिटार आणि रोजची दोन पेडल घेऊन जा. दुकानदार लावून देईल त्या आवाजात दहा मिनिटं वाजवा, मग आवाज आपल्या खोलीइतका उतरवून पुन्हा वाजवा. आवडला तर अर्धा तास चालूच राहू द्या, कारण पुष्कळसे दोष अ‍ॅम्प तापल्यावरच दिसतात. शेवटी व्हॉल्यूम थोडा वाढवून प्रीअ‍ॅम्पच्या ट्यूबवर पेन्सिलने हलकंसं टकटक करून बघा. हलका ठोका ऐकू येणं ठीक आहे, पण स्पीकरमधून घुमणारा किंवा शिट्टी घालणारा आवाज आला तर ती ट्यूब तिथल्या तिथे बदलून घ्या.