तेरा अक्षरे आणि काळा पाषाण : अहिल्यानगरजवळच्या एका पाथरवटाच्या दुकानाचा अनुभव

अहिल्यानगर शहरातून बाहेर पडताना रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये, एका पाथरवटाचे दुकान आहे. पुढच्या बाजूला पाटे-वरवंटे, खलबत्ते आणि दोन-तीन तुळशीवृंदावने मांडलेली असतात आणि मागच्या भिंतीला टेकून क्रूस व कबरेवरचे शिलालेख उभे असतात. मालकांना प्रसिद्धी नको असल्यामुळे दुकानाचे नाव येथे देत नाही. मात्र आपल्या माणसाच्या कबरेवर दगड बसवण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांना थोडी मदत व्हावी म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला काम सुरू केले, तेव्हापासून या भागात ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, त्यामुळे असे काम करणारे कारागीर येथे अजून सापडतात.

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी जूनमध्ये हृदयविकाराने अचानक गेला. तो 38 वर्षांचा होता. कबरेवरची माती एक पावसाळा होऊन नीट बसल्याशिवाय दगड बसवू नये, अन्यथा तो वर्षभरात एका बाजूला कलतो, असे दफनभूमीच्या रखवालदाराने आम्हांला सांगितले होते. त्यामुळे डिसेंबरपर्यंत तेथे केवळ एक लाकडी क्रूस होता. डिसेंबरमध्ये मी प्रथम शहरातल्या एका दुसऱ्या दुकानात गेलो. तेथे ग्रॅनाइटवर यंत्राने अक्षरे कोरतात. काम चार दिवसांत झाले, पण ‘पुनरुत्थान’ या शब्दातला ‘रु’ दीर्घ पडला होता. ‘कोणाच्या लक्षातही येणार नाही,’ हे तेथील उत्तर मला फार लागले. जो शब्द सोडला तर आईजवळ धरायला दुसरे काही उरले नव्हते, तोच चुकलेला होता. आगाऊ दिलेले पैसे सोडून मी परत आलो आणि जानेवारीच्या मध्यावर या पाथरवटमामांकडे गेलो.

त्यांनी पहिल्या भेटीत मजकूर विचारलाच नाही. कबर कोठे आहे, तिच्यावर झाड आहे का, पावसाचे पाणी कोणत्या बाजूने वाहते, हे आधी विचारले आणि मग दगडांविषयी सांगितले. कडप्पा स्वस्त आणि कोरायला सोपा असतो, पण उन्हापावसात त्याचे पापुद्रे निघतात. चकचकीत ग्रॅनाइट टिकतो, परंतु त्यावर यंत्राने वरवर कोरलेली अक्षरे काही वर्षांत पुसट होतात. त्यांची पसंती आपल्याकडच्या काळ्या पाषाणाला होती, म्हणजे ज्या दगडात वेरूळची लेणी खोदली गेली त्यालाच. त्याला घडवायला वेळ लागतो आणि छिन्नी वारंवार पाजवावी लागते, पण एकदा पाव इंच खोल गेलेले अक्षर मग जात नाही. आम्ही दोन फूट उंच आणि दीड फूट रुंद असा पाषाण निवडला.

मजकुराचा कागद दुसऱ्या भेटीत दिला. नाव, जन्म आणि मृत्यूच्या तारखा, आणि खाली आईने निवडलेले वचन : ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’. मामांनी अक्षरे मोजली, कारण ते अक्षरामागे 25 रुपये घेतात. वचनाची तेरा अक्षरे झाली. मग तारखेवर बोट ठेवून त्यांनी विचारले, ‘मृत्यू लिहू, का प्रभूमध्ये निजले लिहू? तुमच्यातले काहीजण निजले सांगतात.’ मी अडखळलो. ख्रिस्ती माणूस मरणाला झोप का म्हणतो, हे मला लहानपणापासून पाठ होते. दफनभूमीसाठीचा इंग्रजी शब्ददेखील निजण्याची जागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे, हेही ठाऊक होते. त्या सात महिन्यांत यांपैकी काहीही माझ्या उपयोगी पडले नव्हते.

मामांचा पुढचा प्रश्न वचनाविषयी होता. ‘हे कोण कुणाला म्हणतंय, दादा?’

तेव्हा मला ती कथा सांगावी लागली. बेथानीच्या मार्था आणि मरिया या दोन बहिणींचा भाऊ लाजर आजारी पडला, त्यांनी येशूला निरोप धाडला, आणि तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था त्याला पाहताच म्हणते की, प्रभू, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. हे वाक्य उच्चारताना माझा आवाज फुटला, कारण जून महिन्यापासून मी दररोज नेमके हेच म्हणत होतो आणि ती माझी अश्रद्धा आहे असे समजून कोणापाशी बोलत नव्हतो. योहानाच्या अकराव्या अध्यायात दोघी बहिणी तेच वाक्य एकामागून एक म्हणतात आणि येशू एकीलाही रागावत नाही. उलट कबरेकडे जाताना तो स्वतः रडतो. आणि ही तेरा अक्षरे तो बोलतो तेव्हा कबरेच्या तोंडावरचा दगड अजून जागेवरच असतो, बहिणीचे डोळे अजून ओले असतात. मराठी पवित्र शास्त्रात त्या दगडाला ‘धोंड’ म्हटले आहे. मामा शांतपणे ऐकत होते. धोंड हा शब्द आल्यावर त्यांनी विचारले की ती किती माणसांनी हलवली. तेवढे शास्त्रात लिहिलेले नाही, असे मी सांगितले. जून महिन्यानंतर त्या रात्री मी प्रथमच प्रार्थना केली.

आईचे बालपण केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनजवळ गेले. मी ही हकीकत घरी सांगितली तेव्हा तिने रमाबाईंची आठवण काढली. त्यांची एकुलती एक लेक मनोरमा 1921 मध्ये वारली, आणि त्या दुःखातही रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत चालवलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर हातावेगळे केले. 5 एप्रिल 1922 रोजी त्याही गेल्या. ‘त्यांना त्या ओळी एक एक शब्द करून लिहाव्या लागल्या असतील,’ एवढेच आई म्हणाली आणि दगडावर ‘प्रभूमध्ये निजले’ लिहायला सांगितले.

दुकानाची उणीवही सांगितली पाहिजे. तीन आठवड्यांचे आश्वासन होते आणि काम दोन महिन्यांहून अधिक चालले. मामा फोन क्वचितच उचलतात, अमावास्येला हत्याराला हात लावत नाहीत, आणि मधल्या काळात आईची फार ओढाताण झाली. घाईचे काम असेल तर येथे जाऊ नये. मात्र कोरण्यापूर्वी त्यांनी गेरूने सगळी अक्षरे दगडावर रेखून मला बोलावले आणि प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडून तपासून घेतला. ‘त्था’ हे जोडाक्षर त्यांनी दोनदा पुसून पुन्हा काढले. पाषाण, कोरणी आणि बसवणी मिळून साडेअकरा हजार रुपये झाले. वाहतूक वेगळी पडली.

दगड पवित्र आठवड्यात बसला. ईस्टरच्या पहाटे आमच्याकडे मंडळी दफनभूमीत जमते, कबरींना चुना दिलेला असतो, मेणबत्त्या लावतात आणि उजाडताना गीते गातात. आईला मोतीबिंदूमुळे त्या अंधुक उजेडात दिसत नव्हते. तिने खाली बसून वचनावर बोट फिरवले आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचले. अक्षरे तेवढी खोल आहेत. नंतर तिने मला विचारले की खाली मोकळी जागा किती राहिली आहे. नऊ इंच आहे. ती मामांनी न सांगता सोडली होती.

त्याच दफनभूमीत आजोबांच्या कबरेवर शहाबादी फरशी आहे आणि तिच्यावरचे नाव आता वाचता येत नाही. ते काम पावसाळ्यानंतर याच दुकानात द्यायचे ठरवले आहे. मजकूर आईने वहीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवला आहे.